तोडीस तोड

चष्मेवाल्यांनी दुकान विकलं, तरी इमारतीत त्यांना सगळे चष्मेवालेच म्हणत. दुपारी जेवण झालं की ते लॅपटॉप उघडून त्याच्याशी बुद्धिबळाचा एक डाव खेळत. खेळ लॅपटॉपसोबतच आलेला, म्हणजे चांगलाच जुना. दोघं तोडीस तोड होते. कधी हे जिंकत, कधी तो.

अलीकडे मात्र लॅपटॉप रडतखडत चालायला लागला होता. साधी बातमी उघडेपर्यंत चहा निवून जायचा.

"बाबा, नवा घ्या ना," लेक म्हणाली. "याच्यात आता काही राम राहिलेला नाही."

"धड ठणठणीत आहे. डोकं तेवढं बदलू," चष्मेवाले म्हणाले, आणि जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून त्यात बसेल असा, पण जास्त वेगाचा प्रोसेसर घेऊन आले.

बारीक स्क्रू म्हणजे त्यांचा हातखंडा. जेवणाच्या टेबलावर पांढरा टॉवेल अंथरून त्यांनी बॅटरी काढली, खालचं झाकण काढलं, पंखा आणि त्याला जोडलेली तांब्याची नळी अलगद उचलली. कडेचा स्क्रू अर्धा फिरवताच जुन्या प्रोसेसरची पकड सुटली. नव्याच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण त्यांनी खालच्या खुणेशी जुळवला. दाबावं लागलं नाही. वर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावली, पंखा, झाकण आणि बॅटरी परत बसवली आणि बटण दाबलं.

पडदा काळा.

"लावलीत वाट?" बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

त्यांनी पुन्हा सगळं उघडलं. मेमरीची पट्टी एका बाजूने उचललेली होती. ती नीट बसवल्यावर लॅपटॉप सुरू झाला, तोही चुटकीसरशी. बायकोने मान डोलावली आणि आत गेली.

त्या दुपारी चष्मेवाले हरले. दुसऱ्या दुपारीही. आठवडाभरात त्यांना एकदाही जिंकता आलं नाही. घरात त्यांचं बोलणं कमी झालं, पण तसं ते आधीही फारसं नव्हतं.

लेकीने कारण शोधलं. "एका चालीला वेळ तो पूर्वीएवढाच घेतो, बाबा. पण तेवढ्यात आता कितीतरी जास्त विचार करतो. थांबा, पातळी खाली आणते."

पुढचा डाव चष्मेवाले सहज जिंकत होते. त्यांनी तो अर्ध्यावरच बंद केला.

"का हो, बाबा?"

"मुद्दाम हरतोय. असल्याशी कोण खेळणार?"

"मग आधी हरायचा तेव्हा?"

"तेव्हा जीव तोडून खेळायचा."

"तर मग जुनाच प्रोसेसर परत बसवा."

"तीही स्वतःची फसवणूकच."

त्यांनी पातळी पुन्हा वर नेली आणि रोज हरत राहिले. फक्त डाव लांबायला लागले. चहा झाला तरी ते टेबलावरून उठत नसत.

एका दुपारी त्यांनी बायकोला हाक मारली. "हे बघ. इथपर्यंत मी बरोबरीत होतो."

तिला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी ती ओले हात पुसत आली आणि पडद्यापुढे वाकली. "मग काय झालं?"

"मग घोडा चुकीचा हलवला."

"कुठला घोडा?"

चष्मेवाल्यांनी शेजारची खुर्ची ओढली. ती बसली. त्यांनी डाव पहिल्या चालीपर्यंत मागे नेला आणि घोडा कसा चालतो इथपासून सांगायला सुरुवात केली.