निजलेलं मीठ जागं होताना

आश्विनातलं ऊन माळावर उतरलं होतं; धुतलेलं, पारदर्शी, केशरकांत ऊन. पात्यापात्यावर दवाचे मणी. आणि त्या ओल्या, लखलखत्या माळाच्या मधोमध बॅटऱ्यांचा एक कारखाना, ज्याला पाण्याच्या थेंबाचंही वावडं.

इथली बॅटरी म्हणजे कुंभकर्णाची धाकटी बहीण. मुठीएवढ्या पोलादी डब्यात मिठाच्या चकत्या, धातूच्या चकत्या, दाहक भुकटीच्या चकत्या. थरावर थर, मौनावर मौन. थंड मिठातून वीज वाहत नाही. ते वर्षानुवर्षं निजून राहतं. ठिणगी पडली की वितळतं, जागतं, काही मिनिटं वीज देतं आणि कायमचं निजतं. म्हणून लॉटमधली एकच पेटवायची आणि तिच्यावरून साऱ्या बहिणींचं भवितव्य ठरवायचं.

आजची बॅटरी इंदुमती खर्शीकरांच्या पहिल्या लॉटमधली. चकती न् चकती त्यांच्या हातची. चेहरा मात्र असा, जणू शेजारणीची बॅटरी आहे! पदराचं टोक तेवढं बोटाला गुंडाळलं जात होतं, सुटत होतं, पुन्हा गुंडाळलं जात होतं.

तपासनीस गुंजाळ हसण्याच्या बाबतीत भलते काटकसरी. पेटवण्याआधी त्यांनी मीटर लावलं. काटा हलला, हलायला नको होता.

"इंदूताई, हिनं ओल धरलीय. अख्खा लॉट बाद होणार."

"ओल? तुमचं मीटरच शिंकलं असेल!" बाई म्हणाल्या खऱ्या, पण ओठ कोरडे पडले होते.

गुंजाळांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. डब्याच्या माथ्यावर, वीज बाहेर पडते त्या दोन्ही टोकांना जोडत, ओलं, आरक्त, ताजं कुंकू.

"हे काय?"

"खंडेनवमी ना आज! साऱ्या हत्यारांना लावलं, मग हिलाच का वगळू?"

"अहो, कपाळ सोडून ओठांवर लावलंत की!" आणि वर्षभराची शिल्लक एका दमात उधळावी तसे गुंजाळ हसले.

डबा पुसला, सुकवला. काटा निमूट शून्यावर बसला.

मग जाड काचेआडून बटण दाबलं गेलं. आत ठिणगी, ठिणगीतून ज्वाला, ज्वालेतून चकत्याचकत्यांत धावत गेलेला रक्तिम दाह. आणि ते शुभ्र, हट्टी, दगडासारखं मीठ पाझरलं, वितळलं, वाहतं झालं. पडद्यावर विजेची रेषा उसळली, उंचावर जाऊन स्थिरावली आणि ठरल्या वेळेपर्यंत ढळली नाही.

"पास," गुंजाळ म्हणाले.

इंदुमती काचेला नाक लावून बघत राहिल्या. रेषा हलके हलके उतरत होती. पोलादावर गव्हाळ सोनेरी झाक चढली होती, आणि त्या सोन्याभोवतीची हवा थरथरत, थरथरत, निवत गेली.