बाहीवरचा नंबर

शिंपीमास्तरांना एक खोड होती. कसलाही जाड कागद दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. त्यांचा म्हातारा कुत्रा ढोल्या. त्याच्या खाण्याची पिशवी आली रे आली की दाणे डब्यात आणि पिशवी कापायच्या टेबलावर! तिच्यातून बाह्या, कॉलर, खिसे यांचे नमुने निघायचे. "असला कागद विकत मिळत नाही," असं वर बायकोला ऐकवायचे.

तेच शहाणपण आता अंगाशी आलं होतं. ढोल्या दोन दिवस ओकत होता. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट दाबून पाहिलं.

"पिशवीवरचा नंबर काय? बुरशी निघाली म्हणून कंपनीनं काही पिशव्या परत मागवल्यात. शेवटचा आकडा एक ते पाचमधला असेल, तर यकृताचं औषध आजच सुरू करायला हवं. नसेल तर मी ते देणार नाही, या वयात मूत्रपिंडांना झेपायचं नाही. संध्याकाळच्या आत सांगा."

ढोल्याला दवाखान्यातच ठेवून मास्तर धापा टाकत घरी आले. खिळ्याला अडकवलेले सगळे नमुने त्यांनी जमिनीवर पसरले. बायको चष्मा लावून एकेक उलटायला लागली. एका खिशावर कुत्र्याचं हसरं तोंड होतं, कॉलरवर 'संपूर्ण सुरक्षित' असं छापलेलं.

"अहो, या बाहीवर बघा नंबर!"

नंबर होता खरा, पण काखेच्या गोलाईत शेवटचा आकडाच कापला गेला होता.

"त्याची कात्रण कुठाय?" बायकोने विचारलं.

"कचऱ्यात गेली की!"

"बरं, ही पिशवी आत्ताची की मागची?"

मास्तरांनी डोकं खाजवलं. जुने दाणे संपायच्या आत ते त्यांवरच नवे ओतायचे. "आत्ताची. नाही, मागची. अगं थांब जरा, मागच्या पिशवीचा तर मी..."

"तुम्हाला काही म्हणजे काही आठवत नाही!" बायको चिडली, आणि बोलता बोलता रडायलाच लागली.

मास्तरांनी डब्यातला एक दाणा हुंगला आणि चक्क चावून पाहिला. घाण लागला. पण चांगला असतो तेव्हा तो कसा लागतो, हे तरी त्यांना कुठे ठाऊक होतं!

दवाखान्यात डॉक्टरीणबाई वाटच बघत होत्या. "मिळाला नंबर?"

"मिळाला." मास्तरांनी ती बाही खिशातून काढलीच नाही.

"शेवटचा आकडा?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

"तीन," मास्तर म्हणाले.

बाई लगेच इंजेक्शन भरायला वळल्या. ढोल्याने मान उचलून मास्तरांचा हात चाटला आणि पुन्हा खाली टाकली.

"घट्ट धरा त्याला."

मास्तरांनी धरलं. "बाई..."

"काय?"

आपण याला वाचवतोय की मारतोय, हेच त्यांना कळेना.

"काही नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी ढोल्याला आणखी घट्ट धरलं.