कागदावरचं वय

भूमहून धाराशिवला निघालेल्या एसटीत बलभीमनं सवयीनं आधार कार्ड पुढं केलं आणि हाफ तिकीट घेतलं. कार्डावर वय सहासष्ट, माणूस बावन्नचा. डोक्यावरचे केस अजून काळेभोर होते, पण कंडक्टरला तरी एवढं निरखायला कुठं सवड असते! शेजारी लेक शिवांजली बसली होती. बायकांना तसंही हाफच, त्यामुळं बापाच्या तिकिटाकडं तिचं लक्ष गेलं नाही.

डाळमिलच्या पट्ट्यात बलभीमचा उजवा अंगठा गेला, त्याला आठ महिने झाले होते. भरपाईचा दावा लेकीनंच लावला. दुकानातल्या कामाचे खाडे करून ती कोर्टाचे हेलपाटे घालत होती.

कोर्टाच्या व्हरांड्यात अमरनाथ वकिलांनी तिला हिशेब समजावला.

"पगार बारा हजार. त्याचे साठ टक्के, म्हणजे बहात्तरशे. त्याला वयाप्रमाणं ठरवून दिलेल्या आकड्यानं गुणायचं. मग अंगठा गेला म्हणून त्यातले तीस टक्के. वय कमी तेवढा आकडा मोठा, कारण कमवायची वर्षं जास्त बुडाली. बावन्न धरलं तर तीन लाख पंधरा हजार होतात. सहासष्ट धरलं तर दोन लाख चौदा."

"मग बावन्नच हाय की," शिवांजली म्हणाली. "शाळेचा दाखला आणलाय मी. आधारवर चूक झालीय."

बलभीमनं मान खाली घातली.

"चूक नाही ती." वकिलांनी एक कागद पुढं केला. "मिलवाल्यांनी ही नक्कल लावलीय. तुमच्या वडलांचा श्रावणबाळ पेन्शनचा अर्ज. त्याला पासष्टचं वय लागतं."

शिवांजली वाचू लागली. नाव, गाव, वय. पुढच्या ओळीवर तिनं बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, मला सांभाळणारं अपत्य नाही.

"अण्णा, ही सही तुमचीच ना?"

"समदेच करत व्हते, पोरी," बलभीम पुटपुटला, आणि स्वतःचं बोलणं ऐकून त्याला आणखीच लाज वाटली. ज्या पोरीनं दवाखान्यात आठ दिवस त्याला घास भरवला, तिलाच त्यानं महिन्याच्या दीड हजारासाठी नाही म्हणून लिहून दिलं होतं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती कागदाची घडी घालत राहिली.

वकील हळूच म्हणाले, "सहासष्टवर मिटवून टाकू. खरं वय सांगितलं तर पेन्शन बंद होईल. घेतलेले पैसेही परत मागतील."

तेवढ्यात पुकारा झाला. साहेबांनी वय विचारलं. बलभीमनं लेकीकडं बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"बावन्न, साहेब. पेन्शनसाठी खोटं लिवून दिलं म्या." त्यानं लेकीकडं हात केला. "ही माझी लेक हाय. हीच सांभाळती मला."

पुढची तारीख पडली.

परतीच्या एसटीत शिवांजली खिडकीशी बसली आणि दोघांच्या मधे तिनं पिशवी ठेवली. कंडक्टर आला. सकाळचाच होता.

"दोन हाफ ना?"

"एक हाफ, एक फुल," बलभीम म्हणाला आणि डाव्या हातानं चाचपत खिशातून नोटा काढल्या.

कंडक्टरनं त्याच्याकडं नीट बघितलं आणि तिकिटं फाडून दिली. शिवांजलीनं ती बापाच्या हातातून घेतली, वाचली आणि पर्समध्ये ठेवली. मधली पिशवी मात्र तिनं उचलली नाही.