मागचं घर दिसलंच नाही

माझ्या नातीचा, मनालीचा फोटो अड्याळच्या पाहुण्यांना पाठवायचा होता. लग्नाची बोलणी चालली होती. साकोलीहून अतुल फोटोवाल्याला बोलावलं आन् बजावलं, "पोरीच्या मागं आपलं नवं घर, ट्रॅक्टर, रचून ठेवलेला धानाचा पुंजणा, सारं आलं पाहिजे. समजू दे त्यांना, कोणाच्या घरची पोरगी आहे ते."

त्यानं कॅमेऱ्यात फोटो दाखवला आन् मी हबकलेच. घर नाही, ट्रॅक्टर नाही! मागं नुसता निळा-पिवळा धूर.

"काहून रे, तुझ्या डब्यानं माझं घर गिळलं का?"

"आजी, मागचं मुद्दाम धूसर केलं. नजर पोरीवरच राहते."

"पोरगी तर मी रोजच पाहून राहिली!"

असं म्हणत मी पुन्हा पाहिलं. दुसरं पाहायला काही नव्हतंच. ओठ हसत होते, पण खालच्या पापणीला पाणी लागलं होतं. ते पडू नये म्हणून पोरीनं डोळे ताणून धरले होते.

"मनाली, तुले हे लगन नाही पाहिजे का?"

"सकाळपासून घर कुठून चांगलं दिसते तेच विचारून राहिली तू, आजी. मले कुठं विचारलं?"

परक्या माणसासमोर मला असं कोणी बोललं नव्हतं.

अतुल म्हणाला, "घरासकट दुसरा काढू का? लगेच पाठवतो."

"काही पाठवू नको," मी म्हणाले. "अड्याळचा फोन लावून दे मले."