पालथा घातलेला अर्ज

पायाकडची बर्फाची लादी वितळत आली तशी गजेंद्रने दुसरी आणून लावली. तिच्यावर भुसा दाबत त्याने विचारलं, "ताई कवा पोचतीन?"

"उद्या संध्याकाळी," रविकांतराव म्हणाले.

ताई म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी अवनी. ती जर्मनीहून निघाली होती. त्यांची पत्नी सिंधूताई दुपारी झोपेतच गेल्या, तेही ऐन मे महिन्यात. मूर्तिजापुरात पंचेचाळीसच्या वर पारा होता. देह ठेवायच्या शीतपेटीसाठी अकोल्याला फोन झाले, पण होत्या त्या दोन्ही पेट्या बाहेर गेलेल्या. मग कुणीतरी टेम्पोतून बर्फ पुरवणाऱ्या बार्शीटाकळीच्या गजेंद्रला बोलावलं. दारात पाहताच रविकांतरावांनी त्याला ओळखलं. त्याने ओळख दाखवली नाही.

निवृत्तीआधी रविकांतराव अकोल्याला एका समितीवर होते. बेरोजगारांपैकी कुणाच्या धंद्याला कर्ज द्यायचं, ते ही समिती ठरवायची. कुठला धंदा चालेल हे आपल्याला माणूस खुर्चीत टेकायच्या आत कळतं, असा त्यांचा तोरा. मनात न भरलेला अर्ज ते समोरच्याच्या देखत टेबलावर पालथा घालत. बिचारा बोलत राही, निकाल मात्र लागलेला असे. याच तोऱ्यात त्यांनी एका रस्त्यावर मोबाइलची चार दुकानं पास केली होती. त्यातली तीन वर्षभरात बंद पडली.

गजेंद्रचा अर्ज शीतपेटीचा होता. त्याचा बाप उन्हाळ्यात गेला, आणि सुरतेहून भाऊ येईपर्यंत देह ठेवता आला नाही. म्हणून तालुक्यात पेटी भाड्याने द्यायची, असं तो सांगत होता. अशी वेळ आलेल्या घरांची यादी त्याने गावोगाव फिरून केली होती. रविकांतरावांनी ती उघडलीही नाही. अर्ज पालथा घालत ते म्हणाले, "म्हणजे रोज उठून तू लोकांच्या मरणाची वाट पाहणार?"

समिती हसली. गजेंद्रही कसनुसा हसला. ते हसणं आठवून रविकांतरावांना आज मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सिंधूताईंच्या नणंदेने पदर नाकाशी धरला. भटजी म्हणाले, आता थांबू नये. रविकांतराव उठून गजेंद्रपाशी गेले.

"अजून लाद्या आणल्या तर?"

"बर्फानं नाई होत, साहेब," गजेंद्र हलकेच म्हणाला. "बर्फानं झालं असतं तं मी पेटी काहाले मांगतली असती?"

नऊ वाजता सिंधूताईंना नेलं.

संध्याकाळी अवनी चपला न काढताच आत शिरली. आईला कुठे ठेवलं होतं, एवढंच तिने विचारलं. रविकांतरावांनी भिंतीकडची जागा दाखवली. भुशाचं ओलं पोतं अजून तिथंच पडलेलं होतं. ती त्याच्याशेजारी बसली आणि तिने पोत्यावर हात ठेवला.

"गार आहे, बाबा," ती म्हणाली.