चार अक्षरांचा घोळ

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे, तोही बटणांचा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

कुठल्या कारखान्यात माझे भाग जुळले ते मला आठवत नाही. आठवतं ते बोरिवलीचं दुकान. तिथून गोराईच्या सेराफिनाने मला घरी आणलं. तिचा नवरा लुईस खाडीवर मासे धरतो. मुलगी ॲमांडा खाडीपलीकडे, बोरिवलीच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे आणि तिकडेच राहते. मी मासळीच्या टोपलीत पडलो, विहिरीच्या कठड्यावरून घसरलो, तरी बंद पडलो नाही. "ह्या मेल्याची बॅटरी चार दिवस जाते," असं सेराफिना कौतुकाने सांगायची. मग घरोघरी काचेचे फोन आले आणि माझं कौतुक आटलं. तरी तिने मला सोडलं नाही.

माझ्यात एक उणं आहे. मला देवनागरी येत नाही. त्या लिपीत कोणी काही पाठवलं की मी नुसते रिकामे चौकोन दाखवतो. सेराफिनाचं त्यावाचून काही अडलं नाही. ती मराठी बोलते, मराठीत भांडते, मराठीत प्रार्थना करते, पण तिची प्रार्थनेची पुस्तकं लहानपणापासून इंग्रजी अक्षरांत छापलेली. म्हणून घरचे सगळे मला इंग्रजी अक्षरांतच मराठी पाठवायचे. शेजारच्या सुगंधाकाकी मूळच्या मालवणकडच्या. त्यांना याची गंमत वाटायची. "भाषा आपली नि कपडे सायबाचे," असं म्हणून त्या सेराफिनाला चिडवायच्या.

पण सायबाच्या कपड्यांत आपले सगळे आवाज मावत नाहीत. तिथे त आणि ट यांना एकच अक्षर. ल आणि ळ यांनाही एकच. अ म्हणायचं की आ, तेही वाचणाऱ्याने ठरवायचं. बहुतेक वेळा अंदाजाने भागतं.

त्या दिवशी भागलं नाही. लुईसने सकाळी ओहोटीला खडकांवरून कालवं काढून आणली होती. शिंपले फोडून आतला गर काढायचा म्हणजे बोटं कापून घ्यायचं काम. सेराफिना ते उरकून हात धूत होती, तेवढ्यात ॲमांडाचा मेसेज आला. तीनच शब्द. आज, कालवं, आणि मग टी, ए, एल, ए.

सेराफिनाने चष्मा लावला. "आज कालवं तळा," तिने मोठ्याने वाचलं आणि तिचा चेहरा खुलला. "लेक येते वाटतं जेवायला. तोंडाला पाणी सुटलं असेल तिच्या."

तिकडे काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. खाडीतली कालवं खाऊन दोन माणसं हॉस्पिटलात आली होती. ओठ बधिर, उलट्या थांबत नव्हत्या. तळून किंवा उकडून ते विष जात नाही, असं डॉक्टर सांगत होते. ॲमांडाने धावपळीत घरी कळवलं होतं, आज कालवं टाळा.

तळा काय आणि टाळा काय, माझ्याकडे आली ती तीच चार अक्षरं. मला तरी काय कळणार, कप्पाळ!

सेराफिनाने उत्तर धाडलं, तळते. ॲमांडाने ते वाचलं, टाळते. आईने ऐकलं म्हणून पोरीचा जीव भांड्यात पडला आणि ती कामाला लागली. खाडीच्या दोन्ही काठांवर दोघी खूश होत्या. इकडे तेल तापत होतं.

पहिला घाणा तव्यातून निघाला आणि लुईसच्या ताटात पडला. सेराफिनाला राहवलं नाही. तिने एक बोट पुसून आणखी दोन शब्द पाठवले, रव्यात तळते.

हा रवाच कामाला आला. ॲमांडाने वाचलं, रव्यात टाळते. रव्यात कोणी काय टाळणार? तिने तडक फोन लावला.

मी वाजू लागलो. सेराफिनाचे हात पुन्हा रव्यात होते. "वाजू दे. येतेच आहे ना ती," ती म्हणाली. मी थांबलो आणि परत वाजलो. लुईसने एक कालव तोंडात टाकलं, मग दुसरं. काय झालंय ते मला ठाऊक नव्हतं, पण इतक्यांदा उगाच कोणी फोन लावत नाही, एवढं मला कळतं. मला तोंड नाही याचा असा संताप कधी आला नव्हता.

शेवटी सुगंधाकाकी दारात आल्या. "तुजो फोन कधीपासून बोंबलता गो. घेत कित्याक नाय?" त्यांनीच बटण दाबलं आणि मला सेराफिनाच्या कानाला लावलं.

"मम्मी, टाळायची कालवं. टाळायची, तळायची नाय. विष आहे त्यात. पप्पाने खाल्ली काय?"

सेराफिनाने नवऱ्याच्या हातातलं कालव हिसकावून घेतलं. तीन पोटात गेली होती. शेजारच्या ब्रेंडनने बाईक काढली, लुईसला जेट्टीवर नेलं आणि सुटत्या होडीत चढवलं. मागून धापा टाकत सेराफिना आणि सुगंधाकाकी पोचल्या, तोवर होडी खाडीच्या मध्यावर होती. पुढची होडी काही केल्या येईना. सेराफिना मला मुठीत धरून बसली. तिचा हात इतका घामेजला होता की मी निसटतो की काय असं मला वाटत होतं.

मग मी एकदाच वाजलो. ॲमांडाचा मेसेज.

"वाच ना गो," सुगंधाकाकी म्हणाल्या.

"नाय वाचणार," सेराफिना म्हणाली. तिला रडू फुटलं. "नवऱ्याला मी माझ्या हाताने वाढलं. आता मेसेज नको. फोन लाव."

काकींनी लावला. पलीकडून लुईसचा खरखरीत आवाज आला. "सेराफिना, पोट पार धुऊन काढलंय माझं. येताना पेज आण."

पुढे ॲमांडा नवा फोन घेऊन आली. "मी तुला देवनागरी शिकवते," ती म्हणाली.

"शिकव. पण माझी पुस्तकं माळ्यावर टाकायची नाय," सेराफिना म्हणाली. "देवाला काय सांगायचं ते मला आधीपासून पाठ आहे, म्हणून तिथे चूक होत नाय. तुझ्या मनात काय आहे ते मला पाठ नाय ना, पोरी."

मित्रांनो, लिपी कुठलीही वापरा. पण लिहिलेलं पाठवण्याआधी एकदा दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचून बघा, आणि जिवावरचं काही असेल तर लिहीत बसू नका, बोला. जेट्टीवर आलेला तो मेसेज सेराफिनाने अजूनही उघडलेला नाही.