सव्वाआठची कानेला

"आली बघा तुमची कानेला," पडद्याकडे बघत नोल्व्हिया सवयीने बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

बाकावर चहाचा पेला धरून बसलेल्या ओनोफ्रेकाकांनी मान वर केली. कानेला ही त्यांची गाढवीण. रविवारी ती मेली होती, आणि आज गुरुवार होता.

"चेष्टा करू नकोस, पोरी."

"चेष्टा नाही हो. इकडे या."

गावाची विहीर पंपघरापासून चार किलोमीटर वर, डोंगराच्या कुशीत होती. तिथल्या खांबावरची पेटी पंपघराला बिनतारी निरोप धाडत असे: पाणी किती खोल आहे आणि खांब किती हलतोय. दुसरा आकडा चोराचिलटासाठी होता. चोर कधी आला नाही. रोज सकाळी लाकडं आणायला जाताना कानेला मात्र त्या खांबाला पाठ घासायची, आणि पडद्यावरची सरळ रेघ थरथरायची.

ती आत्ताही थरथरत होती. अकरा झटके, जरा विसावा, मग दोन.

"दुसरं कुणी जनावर असेल," काका म्हणाले, पण पेला बाकावर ठेवून पडद्याजवळ आले.

नोल्व्हियाने बुधवारची रेघ काढली. अकरा, विसावा, दोन. मंगळवारची, सोमवारची. चारही रेघा एकीवर एक ठेवल्या तर केसाचाही फरक नव्हता.

"काका, कानेला मोजून खाजवायची का?"

"ती? तिला कसलं मोजमाप. लहर लागली तर अर्धा तास हलायची नाही."

"मग हा एकच दिवस आहे. कुणीतरी आपल्याला तोच दिवस पुन्हा पुन्हा दाखवतंय."

तीन आठवडे गावात नळाला करंगळीएवढी धार होती आणि पडद्यावर विहीर भरलेली. नोल्व्हियाने पंप दोनदा उघडून पाहिला होता. विहिरीपर्यंत मात्र ती गेली नव्हती. पेटी आली त्या वर्षी पाणी मोजायची दोरी तिने खिळ्याला अडकवली, ती तिथेच होती. आता लोक म्हणत होते की ही बहिणीच्या लिंबांना पाणी वळवते. अकरा वाजता पाणीसमितीची सभा होती आणि बावीस वर्षांचं तिचं पंप सांभाळायचं काम काढून घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं.

तिने खिळ्यावरची दोरी ओढली. "चला."

विहिरीवर पोचल्यावर तिने वजन आत सोडलं. मीटरागणिक गाठी बोटांखालून सरकत होत्या. पडदा पाणी अकरा मीटरवर सांगत होता. अकरा गेली. पंधरा, अठरा. तेविसाव्या गाठीनंतर वजन पाण्याला लागल्याचा आवाज आला.

"देवा," काका पुटपुटले.

वरच्या उतारावर आवोकाडोचा मोठा मळा होता, ऐन दुष्काळात हिरवागार. त्याच्या कुंपणावर एक राखाडी डबा बसवला होता आणि त्याची एरियलची काठी थेट खाली पंपघराकडे रोखलेली होती. काका दगड उचलायला वाकले.

"हात लावू नका. सरकारी माणसाला तो चालू दिसला पाहिजे." तिने मोबाइलवर फोटो घेतले.

सभेत अध्यक्षीणबाई ऑर्तेन्सिया चष्म्यावरून बघत होत्या. "दोरीचं राहू दे. यंत्र खोटं कसं बोलेल?"

"खोटं नाही, सेन्योरा. कुणीतरी त्याचं एका दिवसाचं बोलणं टिपून घेतलंय आणि त्याच्याहून मोठ्या आवाजात तेच ऐकवतंय. आपल्या पेटीच्या निरोपावर ना तारीख, ना क्रमांक, ना सही. जो मोठ्याने बोलेल त्याचं आपण ऐकतो."

"हिला कामं करायला नकोत, गोष्टी रचायला हव्यात," मागून कुणीतरी म्हणालं.

ओनोफ्रेकाका उभे राहिले. "साक्षीदार आहे. माझी गाढवीण."

हशा पिकला. काका तो विरेपर्यंत थांबले.

"रविवारी तिला पुरायला तुमच्यातले सहा जण आले होते. आज सव्वाआठला ती खांबाला खाजवत होती. या रेघा बघा."

नोल्व्हियाच्या मोबाइलवरच्या चार रेघा हातोहात फिरल्या. कुणी हसलं नाही. ऑर्तेन्सियाबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि जलखात्याला फोन लावला. सरकारी माणूस दुसऱ्या दिवशी नऊला येणार होता. त्याच दिवशी पेटीही बदलायची होती. नवी पेटी प्रत्येक निरोपावर क्रमांक घालणार होती आणि फक्त पेटी आणि पंपघर या दोघांनाच ठाऊक असलेली खूण. "नोल्व्हिया त्याला सगळं दाखवेल," बाई म्हणाल्या. बावीस वर्षांबद्दल कुणी काही बोललं नाही.

शुक्रवारी आठ वाजताच काका पंपघरात आले. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा सदरा. नोल्व्हियाने चहा पुढे केला, तो त्यांनी बाकावर ठेवला.

"आजच्यानंतर नाही ना दिसायची?"

"नाही, काका."

तिने पडद्यासमोरची आपली खुर्ची त्यांना दिली. सव्वाआठला रेघ थरथरली. काकांनी टोपी काढली आणि ओठातल्या ओठात मोजू लागले. अकराला ते थांबले. पुढच्या दोन झटक्यांसाठी.